डब्यात न मावलेला बांध

माझ्या सासूबाई लग्नकार्यात माझी ओळख करून देताना सांगतात, "ही आमची थोरली सून. वरच्या खोलीत बसून ट्रॅक्टर चालवती." समोरची बाई आधी माझ्या साडीकडे बघते, मग हातांकडे, आणि मग विषय बदलून नवरीच्या उंचीवर येते. इतकी वर्षं हे ऐकत आले, पण दुरुस्त कधी केलं नाही, कारण सासूबाई सांगतात ते जवळजवळ खरं आहे. जुन्या जालन्यात आमच्या कापडाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत मी खरोखरच ट्रॅक्टर चालवते. हार्वेस्टर चालवते, पेरणीयंत्रं चालवते, ट्रॉल्या उलट्या करून बघते. त्यातलं एकही माझं नाही आणि एकही खरं नाही.

या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या अनोख्या क्षेत्राविषयी लिहा" असं सांगितलं. अनोखं म्हणजे ज्यात माणूस नेमकं काय करतो हे विचारायची लाज वाटते ते. माझ्या नवऱ्यालाही वाटत असावी, कारण गिऱ्हाइकाने विचारलं की तो वर बोट दाखवून "ऑनलाइन आहे तिचं" एवढंच म्हणतो. तेव्हा आधी धंदा समजावून सांगते.

शेतीचा एक खेळ आहे. परदेशातल्या एका कंपनीने बनवलेला. जमीन घ्यायची, नांगरायची, पेरायची, काढायची, विकायची. त्यात पाऊस वेळेवर पडतो, डुकरं पिकात शिरत नाहीत आणि भाव पडला तर माणूस निवांत थांबून नंतर विकतो. आमच्याकडचे शेतकरी दिवसभर रानात राबून आल्यावर संध्याकाळी पुन्हा शेतीच का खेळतात, असं शहरातले लोक मला विचारतात. हा प्रश्न त्यांना पडतो यावरूनच त्यांनी शेती केलेली नाही हे कळतं.

हा खेळ कम्प्युटरवर चालतो आणि टीव्हीला जोडायच्या एका डब्यावरही चालतो. त्या डब्याला कन्सोल म्हणतात. आता गंमत अशी की कंपनीने दिलेल्या ट्रॅक्टरवर कोणाचं समाधान होत नाही. मग हौशी लोक घरी बसून स्वतःचा ट्रॅक्टर, स्वतःचा गोठा, कधी आख्खं स्वतःचं गाव बनवतात आणि खेळात घालतात. या घरगुती भरीला मॉड म्हणायचं. कम्प्युटरवाल्यांना ते सोपं. जाफराबादहून निघालेल्या जीपसारखं, आत जागा नसली तर मागे लटका, नाहीतर टपावर बसा. कन्सोलच्या दारात मात्र कंडक्टर उभा असतो. प्रत्येक मॉड तपासून, नियमात बसवून, चालवून बघून मगच आत सोडायचा. तो कंडक्टर मी.

नियम पुष्कळ आहेत. खऱ्या कंपनीचं नाव ट्रॅक्टरवर चालत नाही. खऱ्या माणसाचा फोटो चालत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम वजनाचा. खेळातली प्रत्येक वस्तू बारीक बारीक त्रिकोण जोडून बनलेली असते. चाक गोल दिसायला हवं तर त्रिकोण जास्त, ठोकळ्यासारखं घर चालत असेल तर कमी. त्रिकोण वाढले की वजन वाढतं, वजन वाढलं की डबा तापतो, अडखळतो आणि बंद पडतो. कम्प्युटरला जास्तीची मेमरी घालता येते. डब्याला नाही घालता येत, तो जन्माला येतो तेवढाच राहतो. तेव्हा हौशी माणसाने जीव लावून घातलेले त्रिकोण मी काढून टाकायचे, आणि तरी वस्तू तीच दिसली पाहिजे. दुसऱ्याच्या हौसेला कात्री लावायची हा माझा व्यवसाय, आणि त्यात माझा हात चांगला बसलेला आहे, हे मी विनय बाजूला ठेवून सांगते.

युरोपातले एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी वडिलांचा जुना ट्रॅक्टर बनवला होता. बाहेरून सुरेख. पण वजन अवाढव्य. शोधता शोधता मी बोनेटच्या आत शिरले, तर आत आख्खं इंजिन, इंजिनावर नट, नटांना आटे. बोनेट उघडत नव्हतं. खेळात ते उघडायची सोयच नव्हती. मी त्यांना कळवलं की हे आटे कोणालाच दिसणार नाहीत. त्यांचं उत्तर आलं, "ते आत आहेत हे मला माहीत आहे." मी इंजिन काढलं आणि त्या जागी एक ठोकळा ठेवला. ट्रॅक्टर डब्यावर गेला, लोकांना आवडला, आणि त्या गृहस्थांनी मला खुनी म्हणून पत्र लिहिलं. मी ते मराठी करून सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांना फार आवडलं. पुढे कितीतरी दिवस भाजीत मीठ जास्त झालं की त्या "खुनी कुठली" म्हणायच्या.

अंबडकडच्या एका पठ्ठ्याने आपल्या गावचा चौक बनवून पाठवला. चहाच्या टपऱ्या, कापसाच्या गाड्या, सगळं बरोबर, आणि चौकाच्या चारी बाजूंनी तिथल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. खाली शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे. मी फोन करून सांगितलं की खऱ्या माणसाचे फोटो चालत नाहीत, भाऊंना उतरवावं लागेल.

"ताई, भाऊंला काढलं तर मी गावात ऱ्हायचं कसं?"

"अरे बाबा, हे गाव खोटं आहे."

"गाव खोटं हाय, भाऊ तर खरे हाईत ना!"

बरीच घासाघीस झाली. शेवटी फ्लेक्स राहिले, भाऊ गेले. चौकात नुसते पांढरे पडदे उभे. परदेशातून शेवटची तपासणी करणाऱ्या आमच्या मार्टाबाईंनी विचारलं, गावात एवढे मोठे कोरे पडदे कशासाठी आहेत, सिनेमा दाखवतात का? मी हो लिहिलं. खरं कारण लिहायला लागले असते तर त्या बाईंना आमची सगळी लोकशाही शिकवावी लागली असती.

आता लहूभाऊंचं सांगते. ज्या प्रकरणासाठी मी हे लिहायला घेतलं ते हेच.

लहू आणि अंकुश हे जुळे भाऊ. आमच्याकडे जुळे मुलगे झाले की नावं शोधायला कोणी डोकं खाजवत नाही. जाफराबादकडच्या एका गावचे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून चालू आहे आणि हा अंक तिकडेही जातो. वडील, ज्यांना दोघं अण्णा म्हणत, ते मेंढरं राखणारे. मेंढरांच्या जिवावर त्यांनी थोडी थोडी जमीन जोडली. थकल्यावर त्यांनीच जमिनीचे दोन भाग करून दिले आणि मध्ये बांध आला.

बांध कोरणं म्हणजे काय हे आमच्या जिल्ह्यात सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. नांगरताना औत जरासं बांधाला घासून घ्यायचं. दर वर्षी एखादं तास, म्हणजे नांगराची एक ओळ. बांध हळूहळू सरकत जातो आणि कोणी पाहिलेलं नसतं. अण्णांच्या तेराव्याला या बांधावरून जी बोलाचाली झाली, तेव्हापासून दोघं भाऊ बोलत नाहीत. सरकारी मोजणी झाली, ती दोघांनाही मान्य झाली नाही. एवढ्या एका मुद्द्यावर त्यांचं एकमत आहे.

मॉड बनवणारे लोक माझ्याकडे येत नाहीत. ते साइटवर पाठवतात, तिथून मला मिळतं. पण लहूभाऊंचे साडू आमच्या दुकानात कापड घेतात, त्यांना सासूबाईंनी वरच्या खोलीतल्या ट्रॅक्टरबद्दल सांगितलेलं होतं, आणि जालना जिल्ह्यात एकदा ओळख निघाली की साइटवर कोण जातो? एके दुपारी पन्नाशीचा एक उंच, उन्हाने रापलेला माणूस खांद्यावर मोसंबीचं पोतं आणि काखेत लॅपटॉप घेऊन जिना चढून वर आला.

"ताई, गाव बनवलंय. कम्प्युटरवर चालतंय. पन डब्यावर आलं पायजे. बिलकुल आलंच पायजे."

"एवढं काय अडलंय डब्यावाचून?"

"भावाकडं डबा हाय."

मग सगळं निघालं. अंकुश पुण्याला कारखान्यात आहे, त्याच्या वाट्याचं रान सालगडी नांगरतो. पोरांसाठी डबा घेतला आणि पोरांपेक्षा तोच जास्त खेळतो. "गावात व्हता तवा औताला हात लावला न्हाई," लहूभाऊ म्हणाले, "अन् आता चौथ्या मजल्यावर सोयाबीन पेरून राह्यला!" बोलणं बंद असताना ही बातमी कशी कळली, असं मी विचारलं. तर दोघांच्या बायका रोज फोनवर बोलतात. बांध फक्त नवऱ्यांमध्ये होता.

"त्याला दाखवायचंय बांध खरा कुठं हाय त्यो. त्याच्याच घरात, त्याच्याच टीव्हीवर. बघू दे त्याला. अन् दुनिया बी बघू दे!"

ज्या माणसाला सरकारी मोजणी पटली नव्हती, तो न्याय मागायला खेळाच्या डब्याकडे आला होता. मला हसू आवरेना. पण लॅपटॉप उघडला आणि हसू थांबलं. गाव अप्रतिम होतं. घरापुढे लिंबाचं झाड, त्याच्या बुंध्याला घासून घासून गुळगुळीत झालेला दगड, मेंढरांचं वाडगं, विहिरीवर मोटरची पेटी आणि तिच्यावर फाटक्या पोत्याचं झाकण. हे सगळं कुठे शिकलात म्हणून विचारलं, तर म्हणाले, मोबाइलवर बघून बघून. मी या कामात वर्षानुवर्षं गावं पाहिली. पुस्तकातल्या चित्रासारखी हिरवीगार, स्वच्छ गावं. यात मात्र विहिरीच्या काठावर कोणीतरी चप्पल विसरलेली होती.

मग मी वजन काढलं आणि खुर्चीत मागे टेकले. घरं, देऊळ, शाळा, विहीर, झाडं, सगळी मेंढरं मिळून जेवढं वजन होतं, त्याहून जास्त वजन एकट्या बांधाचं होतं. त्यावरच्या बाभळींचा एकेक काटा स्वतंत्र बनवलेला. हद्दीच्या दगडावर शेवाळ. मुंग्यांचं वारूळ, आणि त्यात आतपर्यंत गेलेली भोकं.

"लहूभाऊ, काटे एकेक?"

"मंग? ते काटे माझ्या पायात मोडलेत, ताई."

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन वर आल्या. त्यांनी आयुष्यात कधी या पडद्याकडे नीट पाहिलेलं नाही. त्या दिवशी कप ठेवला, चष्मा सावरला आणि विचारलं, "कोनाकून कोरला?"

"त्याच्याकून," लहूभाऊ म्हणाले.

"अन् तुझ्याकून न्हाई?"

लहूभाऊंनी चहा घेतला. चहा चांगला झालाय म्हणाले.

मी त्यांना समजावलं. बांध हलका करते, काटे एकेक न ठेवता काट्यांचं चित्र चिकटवते, लांबून तसंच दिसेल. ते उभेच राहिले. "बांधाचं चितर? मंग त्यो म्हनंल, चितरच हाय!" काही झालं तरी बांधाला हात लावायचा नाही. त्याऐवजी दुसरं काहीही काढा. आता कंडक्टर म्हणून माझं काम वजन जुळवण्याचं. गाडीत कोणाला बसवायचं हे गाडीवाल्याने ठरवायचं. मी म्हटलं, ठीक आहे, सांगा काय काढू.

आधी देऊळ गेलं. देवळाच्या कमिटीशीही त्यांचं पटत नव्हतं, त्यामुळे ते जरा आनंदानेच गेलं. मग शाळा. मग चौक आणि पार. रोज दुपारी मी फोन करून सांगायची, अजून बसत नाही, आणि पलीकडून "विहिरीवरची पेटी काढा", "वाडगं काढा" असं यायचं. मेंढरं निघाली तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, अहो, अण्णांची मेंढरं आहेत ही. तर म्हणाले, खऱ्यातली बी इकलीच ना. मग लिंब गेला. शेवटी उरलं घर.

"घर राहू द्या, लहूभाऊ. काटे थोडे कमी करू."

"घर त्याला माहिती हाय. बांधच माहिती न्हाई त्याला."

मी घर काढलं. मला वाईट वाटलं. परक्यांच्या नटांचे आटे काढताना कधी वाटलं नव्हतं, या वेळी वाटलं. काम झाल्यावर मी खाली दुकानात जाऊन उगाच थोडा वेळ कापडाच्या घड्या घालत बसले.

आता नकाशात काळी जमीन होती, कोरडी विहीर होती, आणि मधोमध जगातला सगळ्यात देखणा बांध. तो मार्टाबाईंकडे गेला. त्यांचा प्रश्न आला: दोन शेतांमधल्या या अडथळ्याचं काम काय? मी लिहिलं, ही हद्द आहे. त्यांनी विचारलं, हद्द दाखवायला एक रेघ पुरली नसती का? मी लिहिलं, आमच्याकडे रेघेने भागत नाही. त्यांनी विचारलं, यावर खेळणारा काही करू शकतो का? पीक येतं का, काही साठवता येतं का? मी प्रामाणिकपणे लिहिलं की नाही, यावर फक्त भांडता येतं, पण त्याची सोय तुमच्या खेळात नाही. उत्तराला दोन दिवस लागले. मग आलं: नियमात बसतंय, सोडा. चांगलं आहे का, ते मला विचारू नका.

तर असं ते गाव डब्यावर आलं. लहूभाऊ पेढे घेऊन आले. आता बघतो म्हणाले, काय म्हणतोय ते. त्यांच्या चेहऱ्यावर निकालाच्या दिवशीची घाई होती. बायकोने जावेला फोन करून सांगितलंच होतं की डब्यावर आपलं वावर आलंय, भाऊजींना बघायला सांगा.

आधी प्रतिक्रिया आल्या त्या भलत्याच लोकांच्या. खेळणाऱ्यांना सपाट काळी जमीन फार पसंत पडली. आणि ब्राझीलमधल्या एका माणसाने आपण खेळतानाचा व्हिडिओ टाकला. त्याने गाव उघडलं, मोठा ट्रॅक्टर घेतला, मागे दांडगा नांगर जोडला, बांधाकडे जरा वेळ बघितलं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तो सरळ नांगरून काढला. खेळात तसं करता येतं. बाभळी आधीच कापून विकल्या. दोन शेतांचं एक झालं. खाली लोकांनी त्याचं कौतुक केलं की शाबास, ही जागा उगाच वाया चालली होती.

लहूभाऊंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज चिरकत होता. "ताई, त्यानं बांध कोरला! कोरला कसला, खाल्ला! केस करता यील का?"

"कोणावर?"

"त्या ब्राझीलवाल्यावर!"

मी म्हटलं, अहो, त्याच्या डब्यात त्याने कोरला. तुमच्या खेळात, दुसऱ्याच्या खेळात तो आहे तिथेच आहे. हे त्यांना पटेना. सख्ख्या भावाने वर्षानुवर्षं तासातासाने जे केलं, ते एका परक्या माणसाने चहा पिता पिता केलं होतं, आणि त्याच्या मनात लहूभाऊंबद्दल काही वैरही नव्हतं. हा अपमान त्यांना जास्त लागला असं मला वाटतं.

आणि मग अंकुशचं आलं. मॉडच्या खाली लोक अभिप्राय लिहितात, तिथे. लहूभाऊंनी तो मला फोनवर वाचून दाखवला. वाचायला काही नव्हतंच. दोन शब्द होते.

"घर कुठंय?"

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. बांधाचं त्यानं कायच लिव्हलं न्हाई, ताई." आवाज खाली गेला होता. "बांध बघितला का न्हाई ते बी कळंना."

त्यानंतर ते रानातल्या कामाला लागले. मीही दुसऱ्या कामात होते. काम आता थोडंच उरलंय. कंपनीने कळवलंय की दिवाळीनंतर ही तपासणी यंत्रच करणार. यंत्र त्रिकोण मोजणार, जास्तीचे काढणार आणि सोडणार. माझ्याहून लवकर करेल, यात शंका नाही. काय काढायचं म्हणून कोणाला फोन करणार नाही, कोणी "घर काढा" म्हटलं की थांबणारही नाही. कंपनीचा त्यात फायदाच आहे. मला त्याचा राग येतो आणि तो राग मी लपवत नाही. सासूबाईंचा प्रश्न एवढाच, की मग तो ट्रॅक्टर खाली आणणार का.

पोळ्याच्या सुमाराला लहूभाऊ पुन्हा जिना चढून आले. या वेळी मोसंबी नव्हती. लॅपटॉप उघडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "घर टाका परत. लिंब टाका. मेंढरं टाका."

"सगळी?"

"सगळी. अन् ती चप्पल राह्यली व्हती इहिरीवर, ती अण्णाची. ती बी टाका."

मी जुनं सगळं जपून ठेवलं होतं. कापलेलं फेकायचं नसतं, हे कापडाच्या दुकानात राहून शिकले. घर बसवलं, लिंब बसवला, मेंढरं वाडग्यात सोडली. वजनाचा काटा वर वर चढत गेला आणि तांबडा झाला.

"लहूभाऊ, बांध?"

ते पडद्याकडे बघत राहिले. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या.

"दोन्ही बसत न्हाई ना?"

"नाही बसत. म्हणाल तर काट्यांचं चित्र..."

"चितर नको." मग त्यांनी गुडघ्यावर हात आपटला. "काढा. तसाबी त्यो ब्राझीलवाला काय ठिवून राह्यला का!"

मी बांध काढला. एवढी मेमरी मोकळी झाली की देऊळ आणि शाळाही परत बसली. देवळाबद्दल त्यांनी जरा नाराजी दाखवली. मार्टाबाईंनी या वेळी एकही प्रश्न विचारला नाही, उलट गाव फार सुंदर आहे असं लिहिलं. त्यांचं असं वाक्य मला इतक्या वर्षांत एकदाच मिळालं, आणि तेही माझं नव्हतं, लहूभाऊंचं होतं. मी ते त्यांना मराठी करून पाठवलं.

हा लेख इथपर्यंत लिहून मी ठेवून दिला होता. शेवट काय करावा हे सुचत नव्हतं. मग परवा लहूभाऊंचा फोन आला. पहिल्यांदा मला वाटलं काहीतरी वाईट झालं, इतक्या मोठ्याने ते बोलत होते.

"ताई! फोन आल्ता त्याचा!"

"कोणाचा?"

"अंकुशचा! सोताहून! मला म्हनला, लहू, बांध कुठंय? सगळं वावर एकच दाखवलंस, माझं कुठंय त्यात? आख्ख्या दुनियेत माझं वावर घशात घालून बसलास म्हनला! म्या म्हनलं, तूच इचारलं ना घर कुठंय म्हून, घर टाकलं तर बांध बसत न्हाई. तर म्हनतो, खोटं नको बोलू, तुझं पयल्यापासून असंच हाय. ताई, घंटाभर भांडलो! घंटाभर! लिंबाचं निघालं, मेंढरांचं निघालं, तेराव्याचं निघालं. चप्पल बघितली म्हनला त्यानं. अण्णाची हाय का म्हनून इचारत व्हता."

मी म्हटलं, "मग आता?"

"दिवाळीला येऊन राह्यला. सोता मोजनार म्हनतो. टेप घिऊन येतो म्हनला."

शेजारी बसलेल्या सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "भांडायला येऊन राह्यला का ऱ्हायला?"

"भांडायला, मावशी."

"मंग जेवायला काय करनार?"

"पुरनाचं सांगितलंय घरी," लहूभाऊ म्हणाले.